धरायचा नव्हता तो चेंडू

बाबा,

परवाच्या शनिवारी मला एक चेंडू सोडायचा होता आणि मी तो धरला. त्यामुळे पन्नासेक माणसांची दुपार बिघडली, एका म्हाताऱ्या गृहस्थांनी माझ्याशी बोलणं जवळजवळ टाकलं, आणि तुमची नात गाडीत बसल्यापासून घरी पोचेपर्यंत माझ्याकडे संशयानं बघत होती. तुम्ही असतात तर हे ऐकून हसला असतात की पानावरून उठून गेला असतात, ते मला ठरवता येत नाही. तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी तुम्हाला कधी लिहिलं नाही, आणि आज बसलोय ते अशा खेळाबद्दल लिहायला, जो तुम्ही कधी पाहिला नाहीत आणि मलाही अजून धड कळलेला नाही. खरं विचारायचंय ते वेगळंच. मी नववीत होतो तेव्हा, फायनलच्या दिवशी, तुम्ही मला तो कॅच सोडायला का सांगितलंत?

एकदम तिथे जायला मला अवघड जातंय, म्हणून आधी इथलं सांगतो. आम्ही जर्सी सिटीत एकविसाव्या मजल्यावर राहतो. खाली ट्रेन, नदीपलीकडे माझं ऑफिस, आणि मध्ये नदीकाठानं लांबलचक बाग. दोन वर्षांपूर्वी एका रविवारी सकाळी लेकीला घेऊन तिथे फिरत होतो. ती शाळेत सॉफ्टबॉल खेळते, हातात सुपाएवढा ग्लव्ह घालून. हिरवळीवर काही पोक्त माणसं विचित्र कपड्यांत बेसबॉल खेळत होती. छातीवर मोठी बटणं लावलेले पांढरे सदरे, डोक्याला चपट्या टोप्या, आणि एकाच्याही हातात ग्लव्ह नाही. लेक म्हणाली, "बाबा, दे आर क्रेझी." तेवढ्यात एक चेंडू आमच्या दिशेनं आला. मी काही विचार केला नाही, दोन्ही हात पुढे केले आणि पोटापाशी घेतला. काळपट चेंडू, एकाच कातड्याचा, चार पाकळ्या मिटाव्यात तसा शिवलेला. उंच काळी हॅट घातलेले एक म्हातारे गृहस्थ, त्यांचे पंच, चालत माझ्याकडे आले. त्यांनी माझा तळवा उलटा करून पाहिला, डॉक्टर पाहतात तसा, आणि विचारलं, "कुठे शिकलात हे, सर?" मी म्हटलं, नागपूरला. ते म्हणाले, "तिथे बेसबॉल खेळतात?" मी म्हटलं, नाही, संत्र्यांवर शिकलो. त्यांना वाटलं मी चेष्टा करतोय.

चेष्टा नव्हती हे तुम्हाला माहीत आहे. संत्र्यांचे दिवस आले की तुम्ही गाडीवाल्याकडून बारकी, डागाळलेली संत्री पिशवीभर आणायचात. आई स्टोव्हपाशी पोळ्या करतेय, मी मोरीच्या कट्ट्याला पाठ लावून उभा आहे आणि तुम्ही मागच्या दारातून संत्री फेकताय. हात चेंडूकडे न्यायचे नाहीत, त्याच्याबरोबर मागे यायचं, म्हणजे त्याला कळतसुद्धा नाही की आपण थांबलोय. हे तुमचं वाक्य मी आजही कुणाला इंग्रजीत सांगू शकत नाही. पडलेलं संत्रं फुटायचं, आणि नियम होता की जे पडेल ते पाडणाऱ्यानं खायचं. मला ही शिक्षा आहे हे पहिले काही दिवस समजलंच नाही. मी मुद्दाम पाडायला लागलो. मग तुम्ही न रागावता म्हणालात, "आता सालीसकट." तिसऱ्या संत्र्यानंतर माझं तोंड इतकं कडू झालं की पुढचा आठवडाभर एकही पडलं नाही. आई म्हणायची, शाळेतली पी.टी. माझ्या स्वयंपाकघरात कशाला? पण चहाची दुसरी कपबशी फुटेपर्यंत तिनंही चालवून घेतलं.

तर ते हॅटवाले गृहस्थ शाळेत इतिहास शिकवून रिटायर झालेले. त्यांनी हा क्लब काढलाय आणि तो जुन्या नियमांनी, जुन्या कपड्यांत खेळतो. बेसबॉलचे पैसे घेणं लाजिरवाणं मानत असत त्या काळाच्या आसपासचा खेळ. सगळे एकमेकांना सर म्हणतात. पंचाला एखादी गोष्ट दिसली नाही तर तो सरळ खेळाडूलाच विचारतो, आणि खेळाडू सांगेल ते खरं धरतो. हे ऐकलं तेव्हा मला तुमची इतकी आठवण झाली की मी पुढच्याच शनिवारी गेलो. बायको म्हणाली, "अरे, वीकेंडला एकतर ग्रोसरी असते, हिची ट्यूशन असते, आणि तू म्हातारे लोक जॉइन करतोयस?" मी म्हटलं, एकदाच जाऊन येतो. दोन वर्षं जातोय. तिनं आता माझं नाव घेणं सोडून दिलंय, कॅलेंडरवर शनिवारच्या चौकोनात नुसती एक हॅट काढून ठेवते.

खेळ मला अजून पुरता समजत नाही. बॅट गोल, मागे स्टंप नाहीत, मारला की चार कोपऱ्यांवरच्या चार बेसना शिवत पळायचंच, आणि चेंडू एका विशिष्ट रेषेबाहेर गेला तर एवढा चांगला फटका फुकट. पण ते गृहस्थ सांगतात त्या गोष्टी मात्र कळतात. पहिल्या पगारी खेळाडूंच्या. एक विकेटकीपरसारखा मागे उभा राहणारा, दात सांभाळायला तोंडात रबराचा तुकडा धरायचा. त्यांच्याकडे एका अशाच खेळाडूच्या पंजाचा फोटो आहे, प्रत्येक बोट वेगळ्या दिशेला गेलेलं, आल्याच्या तुकड्यासारखं. मग एक जण होता तो सोपा कॅच मुद्दाम पायाशी पाडायचा, कारण पळणारे गोंधळले की एकाऐवजी दोघांना बाद करता यायचं. आणि काही जण असे, की जुगारवाल्यांनी सांगितलं म्हणून पाडायचे. मी विचारलं, मग बघणाऱ्याला कसं कळायचं कोण हुशार, कोण लबाड आणि कुणाच्या हातून नुसताच पडला? ते म्हणाले, "नाहीच कळायचं, सर. वर्तमानपत्रात तिन्ही सारखेच छापलेत." मी त्या दिवशी घरी येताना विचारात आमची इमारत ओलांडून बराच पुढे गेलो.

तुम्हाला समजलं असेल मी कुठे येतोय. फायनल. त्याआधीची एक मॅच मात्र सांगू दे, कारण तिच्यामुळेच सगळा घोळ आहे. मी सातवीत. टप्पा पडलेला चेंडू मी उचलला आणि ओरडलो, पंचांनी बोट वर केलं, समोरचा मुलगा निघाला. तुम्ही बाउंड्रीवरून चालत आत आलात. घरी बाबा आणि ग्राउंडवर सर हा आपला नियम. तुम्हीही मला तिथे नावानं हाक मारत नव्हता, जिथे उभा असेन त्या जागेच्या नावानं मारायचात. म्हणालात, "पॉइंट, टप्पा होता का?" मी मान खाली घातली. तुम्ही त्या मुलाला परत बोलावलंत, मला त्याचा हात हातात घ्यायला लावलंत, आणि मॅच संपल्यावर सगळ्यांसमोर ग्राउंडला दहा चकरा. मी त्या दिवशी तुमच्यावर चिडलो होतो, पण तुम्ही कोण आहात हे मला त्या दिवशी पक्कं कळलं असं मी समजत होतो.

आणि दोन वर्षांनी त्याच ग्राउंडवर, पाणी प्यायच्या वेळात, तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवून बाजूला नेलंत. समोरच्या शाळेचा एक मुलगा चाळीस धावांच्या पुढे खेळत होता. निवड समितीची माणसं शामियान्यात बसलेली. तुम्ही माझ्याकडे न बघता, माझ्या बुटांकडे बघत म्हणालात, "त्याचा कॅच तुझ्याकडे आला तर सोड. त्याचे पन्नास होऊ देत." एवढंच. मी सर म्हणालो की बाबा म्हणालो ते आठवत नाही. दोन ओव्हरनंतर चेंडू माझ्याकडेच आला, छातीच्या उंचीवर, संत्र्यासारखा मऊ, आणि तो गवतात पडलेला सगळ्यांनी पाहिला. त्याचे पन्नास झाले, मग पंचाहत्तर झाले, आपण फायनल हरलो आणि तो जिल्ह्याच्या संघात गेला. आपल्या मुलांनी परतीच्या वाटेवर मला जे म्हणायचं ते म्हटलं. तुम्ही सगळ्यांच्या पुढे सायकल हातात धरून चालत होतात, बसला मात्र नाहीत.

मी आजवर दोन प्रकारे याचा विचार केलाय. तो मुलगा बिनबापाचा होता. पहाटे आपल्या घरामागच्या भिंतीपाशी यायचा, तुम्ही त्याला मला न सांगता शिकवत होतात हे मला नंतर कळलं. त्याला एक संधी मिळावी असं तुम्हाला वाटलं असेल. हे मला पटतं, आणि पटलं की बरं वाटतं. पण तो ज्या मामाकडे वाढत होता तो मामा शिक्षणखात्यात साहेब होता, आणि सात वर्षं अडकलेली तुमची पर्मनंटची ऑर्डर त्याच्याच टेबलावर होती. ती ऑर्डर फायनलनंतर दोन महिन्यांनी आली. आता यातलं कोणतं? मुलगा तर एकच. दयेनं सोडायला सांगितलंत की भीतीनं, हे कापून वेगळं करता येत नाही. गेल्या महिन्यात शनिवारी सकाळी आईला फोन लावला तेव्हा हिय्या करून विचारलं. तिथे संध्याकाळ होती, ती देवापाशी दिवा लावून आली होती. म्हणाली, "मला काय माहीत रे. एवढं आठवतं, की त्या मुलाच्या बुटाला भोक होतं असं ते दोनदा म्हणाले." मला एकदम हायसं वाटलं. मग ती म्हणाली, "आणि ऑर्डर आली तेव्हा पेढे आणू दिले नाहीत मला." झालं, मी परत होतो तिथेच. धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं, असं आई म्हणते ना, तसं तुमचं झालंय माझ्यापुरतं.

फायनलच्या रात्री तुम्ही जेवला नाहीत. आईला म्हणालात, "आज मी पोराला बिघडवलं." पुढच्या सोमवारी तुम्ही हेडसरांकडे जाऊन क्रिकेट सोडलंत आणि लायब्ररी मागून घेतलीत. इतकी वर्षं शिट्टी वाजवलेला माणूस पुस्तकांना खाकी कव्हरं घालत बसला. त्यानंतर संत्री घरात यायची ती फक्त खायला. ग्राउंडवरून जाताना तुम्ही रस्त्याची पलीकडची बाजू धरायचात. आणि एकदा, मी दहावीचा फॉर्म भरत होतो, तेव्हा तुम्ही शेजारी बसून म्हणालात, "त्या दिवशी चूक माझी होती. तुझी नाही. हे लक्षात ठेव." मी फॉर्म भरत राहिलो. तुम्ही थोडा वेळ बसलात आणि उठून गेलात. बापाच्या तोंडून असं ऐकायला मिळणं सोपं नाही. मी मात्र मान वर केली नाही.

आता परवाचं. पगारी खेळाडूंचा जो पहिला मोठा संघ झाला, तो म्हणे कितीतरी दिवस हरलाच नव्हता. तो इथून जवळच ब्रुकलिनला खेळायला आला. ठरलेल्या इनिंग संपल्या तेव्हा दोघांचे गुण सारखे. यजमान बरोबरी मानून खूश होते, निघायलाही लागले होते. पाहुण्यांचा कप्तान मात्र अडून बसला. नियमात पुढे खेळायचं म्हटलंय, तर आपण पुढे खेळायचं. आणि खेळून अकराव्या इनिंगमध्ये तोच हरला. शेवटचा चेंडू त्यांच्या पहिल्या बेसवर उभ्या असलेल्या माणसाकडे गेला, तो त्याला सांभाळता आला नाही, आणि विजयाची धाव झाली. जुन्या वर्तमानपत्रांत तपशील वेगवेगळे आहेत असं आमचे हॅटवाले प्रामाणिकपणे सांगतात. तो कप्तान तुम्हाला फार आवडला असता. दर जूनमध्ये आमचा क्लब आणि पलीकडचा एक क्लब मिळून तो सामना करून दाखवतात. आधीच्या इनिंग मनासारख्या खेळायच्या, फक्त गुण सारखे होतील एवढं पाहायचं. अकरावी मात्र ठरल्याप्रमाणे. पाहुणे आम्ही, आणि या वर्षी पहिल्या बेसवर मी. म्हणजे या वर्षी चेंडू पाडायचा माझ्याकडे.

तीन शनिवार मी पाडायची प्रॅक्टिस केली. हसू नका. मला ते जमेना. मी पाडायचो तो कुणालाही ओळखू येईल असा, आधीच हात ढिले करून. हॅटवाले म्हणायचे, "सर, तुम्ही पडायच्या आधीच दिलगिरी व्यक्त करताय." लेक बागेच्या कठड्यावर बसून म्हणायची, "बाबा, जस्ट बी बॅड अ‍ॅट इट!" तिला कसं सांगू, की आयुष्यात जो एक चेंडू पाडल्यामुळे माझी ओळख झाली, त्याच्यासारखा पाडायचा म्हटलं तर मला तो कसा पडला तेच आठवायला नको होतं. शेवटी आम्ही असं ठरवलं की मारणाऱ्यानं चेंडू सरपटत मारायचा, मी वाकायचं आणि तो पायांमधून जाऊ द्यायचा.

शनिवारी पलीकडच्या क्लबच्या मैदानावर ऊन होतं, माणसं चटया टाकून बसली होती, बायकोसुद्धा डब्यात उपमा घेऊन आली होती. अकरावी इनिंग. दोन बाद, तिसरा झाला की इनिंग संपणार, एक माणूस दुसऱ्या बेसवर, गुण सारखे. मारणारा दंतवैद्य आहे, वर्षभरात त्याचा एकही चेंडू धड बसलेला मी पाहिला नाही. नेमका या वेळी बसला. सरपटत यायचा तो सरळ हवेतून आला, छातीच्या उंचीवर, आणि मी दोन्ही हातांनी त्याच्याबरोबर मागे आलो. त्याला कळलंसुद्धा नाही. कुणालाच कळेना. पळणारा ठरल्याप्रमाणे पळत राहिला, शेवटच्या बेसवर पोचला, त्यानं टोपी उडवली, पलीकडच्या क्लबनं ठरल्याप्रमाणे जल्लोष केला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि मी चेंडू पोटाशी धरून उभा. माझी पाठ लोकांकडे होती.

हॅटवाले माझ्याकडे चालत आले. त्यांनी सगळं पाहिलं होतं, दहा पावलांवरून. तरी त्यांनी हॅट काढली आणि हळू आवाजात विचारलं, "सर, चेंडू तुमच्याजवळ आहे का?" मी नाही म्हणावं म्हणून विचारत होते ते. मी नाही म्हटलं असतं तर चेंडू पायाशी पडला असता, सगळं मार्गी लागलं असतं, उपमा खाऊन घरी गेलो असतो. मला काय झालं कोण जाणे. मी सातवीतला असल्यासारखा ताठ उभा राहिलो आणि म्हणालो, "येस, सर." त्यांनी डोळे मिटले. मग लोकांकडे वळून तो दंतवैद्य बाद असल्याचं जाहीर केलं. पलीकडचा कप्तान म्हणाला, म्हणजे आता काय? आमच्यातला कुणीतरी म्हणाला, नियमात पुढे खेळायचं म्हटलंय. आणि आम्ही कुठल्याही पुस्तकात नसलेली बारावी इनिंग खेळायला लागलो. लोक चटया गुंडाळायला लागले होते, ते परत बसले. मी खूश होतो, बाबा. कशामुळे ते मला सांगता येणार नाही, पण कित्येक वर्षांत इतका खूश नव्हतो.

बाराव्या इनिंगमध्ये आम्ही हरलो. आमच्यात पोस्टात काम करणारा एक जण आहे, बुजरा, दोन वर्षांत माझ्याशी चार वाक्यं बोलला असेल. सोपा चेंडू त्याच्याकडे गेला आणि त्याच्या हातून पडला. खरोखरीच पडला, नाटक नव्हतं. तो सगळ्यांची माफी मागत फिरत होता. आपल्यामुळे हरलो, आपल्यामुळे हरलो, असं म्हणत होता. त्याची बायको त्याची पाठ थोपटत होती आणि त्याचे डोळे भरले होते. मी हॅटवाल्यांना म्हटलं, चला, शेवटी निकाल इतिहासातलाच लागला. ते हॅट पुसत होते. म्हणाले, "निकाल तोच लागला, सर. पण ती चूक तुमच्या जागेवरच्या माणसाची होती. ती त्यानं केली, त्यानं निभावली, तिच्यासकट तो पुढे कितीतरी खेळला. आज तुम्ही ती घ्यायला नकार दिलात, आणि बघा कुणाकडे गेली." पोस्टातल्या माणसाकडे त्यांनी बोट नाही दाखवलं. मग ते बेस गोळा करायला निघून गेले.

चोर सोडून संन्याशाला फाशी, असं तुम्ही शाळेत पंचांना म्हणायचात. गाडीत बायको म्हणाली, "जाऊ दे ना यार, शो होता." लेक मागून म्हणाली, "बट यू वेअर सपोज्ड टू ड्रॉप इट. व्हाय डिडन्ट यू जस्ट ड्रॉप इट?" मी म्हटलं, तुझ्या आजोबांनी शिकवलंय म्हणून. ती म्हणाली, "सो ही वुड बी हॅपी, राइट?" मी सिग्नलला थांबलो होतो. हिरवा झाला तरी थांबलो होतो.

त्याचंच उत्तर शोधत मी हे लिहायला बसलो. तुम्हाला विचारणार होतो, का सांगितलंत. एवढी पानं लिहून झाल्यावर असं दिसतंय की उत्तर देणं माझ्याकडे आहे, आणि ते माझ्याकडे दहावीचा फॉर्म भरत होतो तेव्हापासून आहे. हे पत्र कुठे जाणार नाही हे मला माहीत आहे, म्हणूनच लिहितोय. तुम्ही समोर असतात तर आजही फॉर्मच भरत राहिलो असतो.

बाबा, मी तुमचं ऐकलं नव्हतं. पाणी पिऊन पॉइंटला परत जाताना मी ठरवलं होतं, की आला तर धरायचा. तुम्हाला दाखवायचं होतं. तुम्हीच शिकवलंत आणि तुम्हीच सोड म्हणता म्हणजे काय, असा संताप होता मला. चेंडू आला तेव्हा मी दोन्ही हात पुढे नेले. मागे आलो नाही, पुढे नेले, रागानं, आणि तो तळव्यावर आपटून पडला. नववीतलं कुठलंही पोर धरेल असा चेंडू होता. परतीच्या वाटेवर मुलं बोलत होती तेव्हा मला लाज वाटत होती, आणि मग तुम्ही सायकल धरून पुढे चाललेले दिसलात. माझ्या लक्षात आलं की तुम्हाला वाटतंय मी तुमच्या सांगण्यावरून सोडला. मला किती बरं वाटलं. आज्ञाधारक मुलगा होणं ढिल्या हाताचा मुलगा होण्यापेक्षा सोपं होतं. तुमच्या मनात काय होतं, दया की भीती, ते मला कधीच कळणार नाही. पण मी बिघडलो नव्हतो, एवढं तरी तुम्हाला सांगू शकलो असतो. तुम्ही शिट्टी सोडलीत, पुस्तकांना कव्हरं घातलीत, रस्त्याची बाजू बदललीत, ते सगळं मी समोर बसून पाहिलं आणि एक वाक्य बोललो नाही.

जे पडेल ते पाडणाऱ्यानं खायचं, असा आपल्या घरचा नियम होता. ते एक मी तुम्हाला खाऊ दिलं, सालीसकट.